गेरू, पिवडी आणि आमचे घर

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने केली, त्याने बांधलेले घर पुन्हा रंगवून पाहिले नसावे. घर बांधताना पैसा लागतो, दगडविटा लागतात, गवंडी लागतात. रंगविताना मात्र घरातल्या प्रत्येकाचे मत लागते, आणि मतांचा तुटवडा कोणत्याही मराठी घरात कधी पडलेला आम्ही पाहिला नाही. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या इंदूरच्या घराला रंग देण्याचा विषय निघाला. काम साध्या रंगसफेदीचे. पण भिंतींच्या पोपड्यांबरोबर घरातले काही जुने प्रश्नही सुटून खाली आले. त्यांची ही हकीकत.

आमचे घर रामबागेत आहे. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांबांची ओसरी, विटा आणि चुना यांच्या हातभर जाड भिंती. १८१८ साली मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरास आली. त्यानंतरच्या काळात आमचे पूर्वज कोकणातून येथे दप्तरात चाकरीस आले आणि पुढे त्यांच्या वंशजांनी हे घर बांधले, असे घरात सांगत आले आहेत. तेव्हापासून माजघरात मराठी, ओट्यावर माळवी आणि बाजारात हिंदी असा आमचा संसार चालला आहे. आई जाऊन दोन वर्षे झाली. थोरले बंधू, आमचे दादा, नोकरीच्या निमित्ताने पुण्यास गेले ते तिथलेच झाले; त्यांची मुले त्याहून दूर, परदेशी. घर दोघा भावांच्या नावावर आहे. राहणारे आम्ही उभयता.

दादांचे मत फोनवरून आले. ‘‘रंग द्यायचाच तर पांढरा किंवा फिका राखाडी द्या. घर मोठे दिसते. उद्या कोणी पाहायला आले तर त्याच्या डोळ्यांत भरले पाहिजे.’’

‘पाहायला आले तर’ या शब्दांचा अर्थ आम्हांला कळला. आई असेपर्यंत घर विकण्याची गोष्ट कोणी उघडपणे काढली नव्हती. आता ती रंगाच्या आडून येत होती.

राखाडी रंगाशी आमची ओळख तशी जुनी होती. दहा-बारा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्या भिंतींना चकचकीत, फडक्याने पुसता येणारा राखाडी रंग देवविला होता. पहिले वर्ष कौतुकात गेले. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतींना फुगे आले, तिसऱ्यात पोपडे सुटले, आणि खालून लोणा फुलून आला. आईने तेव्हा कोणाला दोष दिला नाही. ती रोज सकाळी केर काढताना पोपडे सुपलीत भरून बाहेर टाकीत असे, इतकेच.

याच सुमारास आमची कन्या पंधरा दिवसांच्या रजेवर आली. ती अहमदाबादेस घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करते. तिने पिशवीतून रंगांच्या नमुन्यांचा एक जाडजूड गठ्ठा काढला आणि म्हणाली, ‘‘बाबा, या घराला गार रंग मानवणारच नाहीत. याला ऊबदार, मातीचे रंग हवेत.’’ नमुन्यांवर छापलेली इंग्रजी नावे वाचून आम्हांला हसू आले. माती विकत घ्यायची ती कागदाच्या तुकड्यावरून! मग आम्हीच एकेक पट्टी उचलून तिला मराठी नाव देत बसलो: विटकरी, गव्हाळ, बदामी, तांबूस, मातकट, आमसुली, हुरमुंजी. या नावांची मौज अशी की, प्रत्येक रंग आपली वस्तू हातात धरूनच उभा असतो. वीट पाहिली नाही असा माणूस नाही, त्यामुळे विटकरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हुरमुंजीने तर आपल्या गावाचे नावच बरोबर आणले आहे. इराणच्या आखातातील होर्मुझ बेटाच्या तांबड्या मातीवरून ते आले. परक्या बंदरातली माती आमच्या भाषेत येऊन घरची झाली.

दादांना हे कळविले तेव्हा ते फोनवर मोठ्याने हसले. ‘‘मातीचे रंग! अरे, तांबडी माती कोकणातली, ती तर सुटली दोनशे वर्षांपूर्वी. माळव्याची माती काळी. आपण ना तिथले राहिलो, ना पुरते इथले झालो. मग भिंतीला माती लावणार ती कोणाची?’’

दादा थट्टेतच बोलले. पण तो प्रश्न रात्री आमच्या उशाशी येऊन बसला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणां सर्वांना तो केव्हा ना केव्हा कोणीतरी विचारलेलाच असतो.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. आमच्या आळीतील वृद्ध मिस्त्रींना बोलाविले होते. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, बोटाने ठोकून पाहिले, आणि म्हणाले, ‘‘बाबूजी, दीवार का दम घुट रहा है।’’ मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. जुनी वीट आणि चुन्याचा गिलावा जमिनीतली व हवेतली ओल शोषून घेतो आणि उन्हाळ्यात ती सोडूनही देतो. त्यावर रबरासारखा पापुद्रा चढविला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आतले क्षार घेऊन पापुद्र्यामागे साठते आणि शेवटी रंगालाच ढकलून देते. अशा भिंतीला चुन्याचाच हात हवा. कळीचा चुना पाण्यात विझवून, निवळवून, गाळून पातळ लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. भिंतीचाच भाग होतो, आणि भिंतीचा श्वास मात्र कोंडत नाही.

खरवडण्याचे काम चार दिवस चालले. राखाडी पापुद्रा निघाला आणि त्याखालून घराची बखरच उलगडत गेली. प्रथम फिका पिस्त्याचा रंग आला. तो घरात दूरदर्शनचा संच आला त्या सुमारासचा. त्याखाली नीळ घातलेला पांढरा चुना. तो आमच्या लग्नातला. त्याखाली बदामी, आणि अगदी तळाशी, गिलाव्याला बिलगलेली, पिवडीची कोवळी पिवळी छटा. जमिनीलगत दीड हात उंचीचा गेरूचा पट्टा. कन्या भिंगातून पाहिल्यासारखी वाकून पाहत राहिली. मग तिने आपला नमुन्यांचा गठ्ठा मिटून पिशवीत ठेवला. ‘‘मी जे बाहेर शोधत होते ते इथेच होते,’’ ती म्हणाली. ज्यांनी हे घर बांधले त्यांना रंगसंगतीचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. पण काळे जोते, तपकिरी साग, पिवळी भिंत आणि तांबडा पट्टा यांचे एकमेकांशी कसे जमते, ते त्यांच्या डोळ्यांना ठाऊक होते.

त्यांचे का जमते, याचे उत्तर आम्हांला स्वयंपाकघरात मिळाले. माळ्यावर आईचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात गेरूचे खडे, पिवडीची ढेकळे, खडूची पांढरी माती, निळीच्या पुड्या, आणि एका चिंधीत गाठ मारून ठेवलेले काहीतरी होते. त्या गाठीविषयी पुढे सांगू. आई दर सणाला रात्री करवंटीत गेरू भिजत घाली आणि सकाळी चिंधीच्या बोळ्याने उंबरठा सारवून त्यावर रांगोळी काढी. शेजारच्या माळवी काकूंकडून ती मांडणेही शिकली होती. गेरूने सारवलेल्या जमिनीवर खडियाच्या पांढऱ्या रेघांचे हे माळव्याचे मांडणे आणि आपली ठिपक्यांची रांगोळी आमच्या अंगणात शेजारी शेजारी नांदत असत.

कन्येने त्या डब्यातील चमचाभर पिवडी कुटून लोखंडी तव्यावर टाकली आणि गॅस मोठा केला. काही वेळाने कडेने पिवळा रंग काळवंडला, मग तांबूस झाला, आणि निवल्यावर पाहतो तो तव्यावर गेरू! तवा कामातून गेला म्हणून घरात जो शब्द ऐकावा लागला तो येथे लिहीत नाही. कारण साधे आहे. पिवडी आणि गेरू या दोहोंचा रंग लोहामुळे. पिवडीत ते पाण्याशी बांधलेले असते, उष्णतेने ते पाणी उडून गेले की तेच लोह तांबडे होते. म्हणजे पिवळा, नारिंगी, विटकरी, तांबडा हे रंग एका गोत्राचे. त्यांना जुळवावे लागत नाही. ते मुळातच भावंडे असतात. चुन्याच्या दाहक क्षारातही हे लोहाचे रंग टिकतात, म्हणूनच जुन्या गवंड्यांनी ते निवडले.

टिकण्याचे तर विचारूच नये. १९५७ साली उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी भोपाळजवळच्या भीमबेटक्याच्या शैलाश्रयांतील चित्रे जगापुढे आणली. माळव्यातल्याच नीमचला जन्मलेला हा मराठी माणूस. रेल्वेच्या डब्यातून दूरचे खडक पाहून ते तिकडे वळले, असे सांगतात. २००३ मध्ये ते स्थान जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथले बैल, हरणे, नाचणारी माणसे पाहा. कित्येक हजार वर्षांपूर्वी लावलेला तांबडा रंग तो याच लोहाचा. आईच्या करवंटीतला गेरू त्या घराण्यातला.

आता निवड कशी केली ते सांगतो; कोणास उपयोग झाला तर होईल. कन्येचा पहिला नियम असा की, जे बदलता येत नाही तिथून आरंभ करावा. आमचे दगडी जोते, सागाचे खांब आणि फरशी बदलणे शक्य नव्हते. म्हणून भिंतींनी त्यांच्याकडे पाहून रंग घ्यायचा. दुसरा नियम प्रकाशाचा. ओसरी पश्चिमेची. माळव्यातल्या चैत्र-वैशाखात संध्याकाळचे ऊन तिथे थेट येते. ती भिंत गडद तांबडी केली असती तर बसणाऱ्याला भट्टीसमोर बसल्यासारखे झाले असते. तिथे चुना अधिक आणि पिवडी नावाला. उत्तरेच्या माजघरात उजेड मुळात निळसर आणि थोडा. अशा खोलीला पांढरे केले की ती उजळत नाही, राखेसारखी दिसते. तिथे पिवडी जरा सढळ हाताने घातली, आणि खोलीत जणू दिवसभर कोवळे ऊन राहिले.

तिसरा नियम प्रमाणाचा. तिच्या धंद्यात साठ, तीस आणि दहा असा ठोकताळा आहे: साठ भाग मुख्य रंग, तीस भाग त्याचा सोबती, दहा भाग उठाव देणारा. आमच्या घरी साठ भाग फिकी पिवडी, तीस भाग सागाचा व दगडाचा गडदपणा, आणि दहा भाग गेरू. चौथा नियम आम्हांला सर्वांत पटला: ऊबदार रंगांनाही विसावा लागतो. सगळेच तपकिरी-तांबडे केले तर घर मातीच्या मडक्यात शिरल्यासारखे वाटते. म्हणून छत निव्वळ चुन्याचे पांढरे ठेवले, आणि मागच्या दाराच्या चौकटीला आईच्या डब्यातल्या निळीचा एक हात दिला. अंगणातली तुळस तर हिरवी आहेच.

नमुने कागदावर पाहू नयेत, भिंतीवरच पाहावेत. हातभर चौकोन रंगवून ते चार दिवस ठेवले. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहिले. चुन्यातला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच उजळतो. हे ठाऊक नसल्याने पहिल्या दिवशी आम्ही घाबरून रंग कमी करावयास सांगत होतो, आणि मिस्त्री गालात हसत होते. रात्री आणखी एक गोष्ट ध्यानात आली. स्वयंपाकघरात आम्ही ६५०० केल्विनचा पांढराफेक दिवा लावला होता. त्याखाली गेरू मळकट जांभळा दिसे. तिथे २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावला आणि तोच गेरू पुन्हा हसू लागला.

चुन्यात रंग किती मावतो यालाही मर्यादा आहे. चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापलीकडे रंग घातला की भिंत तो धरीत नाही, असा मिस्त्रींचा हिशेब. त्यामुळे जमिनीलगतचा गडद पट्टा निव्वळ गेरूत सरस मिसळून दिला. ‘‘इससे टिकोगे तो कपड़े पर लगेगा,’’ असे त्यांनी आधीच बजावले होते.

राहिली ती चिंधीची गाठ. सोडली तेव्हा आत मूठभर तांबडी माती निघाली, आणि आम्हांला एकदम आठवले. पुष्कळ वर्षांपूर्वी आईला घेऊन आम्ही दोघे भाऊ कुलदैवताच्या दर्शनाला कोकणात आणि तिथून गोव्यात गेलो होतो. तिथल्या एका जुन्या देवळाच्या भिंतीवर कावीचे काम होते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा लाल थर द्यायचा आणि तो ओला आहे तोच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ती कला. वेली, फुले, देवदेवता. सारे दोनच रंगांत. आई तिथे बराच वेळ उभी होती. निघताना वाटेवरच्या जांभ्याच्या दरडीतून तिने मूठभर माती घेऊन पदराला बांधली होती.

ती माती हातात घेऊन बसलो असता दादांच्या प्रश्नाचे उत्तर सुचले. शाळेत भूगोलात वाचलेलेच होते, पण तोवर आमच्या घराशी त्याचा संबंध जोडला नव्हता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यांचाच काळा खडक कोकणात आहे, सह्याद्रीत आहे आणि माळव्याच्या पठाराखालीही आहे. कोकणात युगानुयुगे धो धो पाऊस आणि दमट उष्मा. तिथे खडकातले विरघळणारे सारे वाहून गेले आणि लोह मागे राहून जांभा झाला, तांबडी माती झाली. माळव्यात पाऊस बेताचा. तिथे त्याच खडकाची काळी, ओल धरून ठेवणारी, गव्हा-कापसाची माती झाली. खडक एकच, पाऊस निराळा, म्हणून रंग निराळा. आमच्या घराण्याचे याहून वेगळे काय झाले आहे? बोलीत माळवी शिरली, ताटात दाल-बाफले आले, अंगणात मांडणे आले. ही आमची झीज झाली असे आजवर आम्हांला कधी कधी वाटे. आता वाटते की तो इथल्या पावसाचा रंग आहे.

कोकणची ती मूठभर माती वस्त्रगाळ केली आणि चुन्यात कालवली. ती फक्त देवघराच्या कोनाड्यापुरती पुरली. बाकीच्या भिंतींना मिस्त्रींनी खेड्यावरून आणलेली पिवळी माती आणि बाजारातला गेरू. दोन्ही शेजारी शेजारी उभे केले तेव्हा कोठे कोकण संपते आणि कोठे माळवा सुरू होतो, ते डोळ्यांना सांगता येईना.

दिवाळीला दादा आणि वहिनी आले. दादांनी सगळे घर फिरून पाहिले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी ओसरीवर पट्ट्याला टेकून जमिनीवरच बसले, लहानपणी बसत तसे. उठले तेव्हा पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीला गेरूचा हा एवढा डाग! वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, नवा सदरा होता!’’ दादा देवघरापाशी गेले होते. ‘‘हा कोनाडा निराळा दिसतो,’’ त्यांनी विचारले. आम्ही ती चिंधी दाखविली. त्यांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरली. मग म्हणाले, ‘‘हे गाठोडे मीच उचलले होते स्टेशनवर. आईला म्हणालो होतो, माती कशाला नेतेस? इंदुरात माती मिळत नाही का?’’

घर ठेवायचे की विकायचे, याचा निकाल त्या दिवाळीत लागला नाही. जाताना दादा एवढेच म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी बोलू. चुन्याला पुन्हा हात केव्हा द्यावा लागतो?’’ दोन-तीन वर्षांनी, असे आम्ही सांगितले. ‘‘मग तेव्हा मला आधी कळवा,’’ असे म्हणून ते रिक्षात बसले.

वाचकहो, चुन्याचा रंग सोयीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो कपड्यांना लागतो, पावसाच्या माऱ्यात उतरतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी घरातल्या माणसांना पुन्हा एकत्र करतो. नव्या सिमेंटच्या घरांना तो तितकासा मानवतही नाही. तिथे बाजारातले रंगच घ्यावेत, मात्र छटा निवडताना हेच नियम लक्षात ठेवावेत. पण तुमचे घर जुने असेल, मग ते ग्वाल्हेरचे असो, बडोद्याचे, हैदराबादचे की बेळगावचे, तर नमुन्यांची पुस्तके चाळण्यापूर्वी भिंतीचा एक कोपरा नखाने हलकेच खरवडून पाहा, आणि माळ्यावर एखादा पत्र्याचा डबा आहे का तेही पाहा. आमच्या घरी तो डबा आता पुन्हा भरला आहे, आणि उद्या सणाचा दिवस म्हणून करवंटीत गेरू भिजत घातला आहे.